झुडपांतले थडगे आणि पाटणचा शिलालेख

इ.स.पू. ७५ मध्ये एक तरुण रोमन अधिकारी सिसिली बेटावर खजिन्याच्या कामासाठी नेमला गेला होता. त्याचे नाव सिसेरो. सिराक्यूज नगरात गेल्यावर त्याने तिथल्या मंडळींना विचारले, ‘आर्किमिडीजचे थडगे कोठे आहे?’ असे काही थडगे आपल्या गावात नाहीच, असे त्या मंडळींनी सांगितले. सिसेरोला मात्र एक जुनी पद्यरचना ठाऊक होती आणि त्या थडग्यावर गोल व वृत्तचिती कोरलेली असल्याचा उल्लेख तिच्यात होता. वेशीबाहेरच्या जुन्या थडग्यांमध्ये हिंडताना काटेरी झुडपांतून किंचित वर डोकावणारा एक लहान खांब त्याला दिसला. खांबावर गोल होता, वृत्तचितीही होती. कोयते घेऊन माणसे आली, झुडपे तोडली गेली, वाट मोकळी झाली. खालच्या चौथऱ्यावर पद्य कोरलेले होते, पण प्रत्येक ओळीचा उत्तरार्ध झिजून गेला होता. आर्किमिडीजला मरून तेव्हा अवघी १३७ वर्षे झाली होती. ग्रीक जगातले हे एके काळचे विद्वान नगर आपल्या सर्वांत बुद्धिमान नागरिकाची खूण विसरले आणि ती त्याला एका परगावच्या माणसाने दाखवावी लागली, हे सिसेरोने पुढे आपल्या ग्रंथात काहीशा अभिमानाने आणि काहीशा विषादाने नोंदवून ठेवले.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला आठवण झाली ती चाळीसगावजवळच्या पाटणची. सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, आज अभयारण्यात मोडणाऱ्या रानात, देवीचे जुने मंदिर आहे. तिथला एक शिलालेख मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासला आणि १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून विद्वानांपुढे ठेवला. भास्कराचार्यांचे कुल, त्यांचे पूर्वज, त्यांचा मुलगा आणि नातू यांची माहिती देणारा हा लेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा आहे. तो कोरल्यानंतर साडेसहाशे वर्षांनी एका डॉक्टराने त्याचे महत्त्व ओळखले. सिसेरो वकील होता, भाऊ दाजी वैद्य होते. गणितज्ञांच्या खुणा शोधण्याचे काम बहुधा गणिताबाहेरच्या माणसांकडे येते, असे दिसते.

मांजर्लीत राहणाऱ्या माणसाला शिलालेखांचे अप्रूप वाटू नये, अशी खरे तर परिस्थिती आहे. उल्हास नदीच्या या खोऱ्यात, बदलापूरच्या अलीकडच्याच स्थानकावर, अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे आणि त्यात शके ९८२ चा (इ.स. १०६०) शिलाहारकालीन लेख आहे. भाऊ दाजींनी त्याच्याही वाचनाचा प्रयत्न केला होता. रोज सकाळी लोकलने मुंबईकडे जाणारे हजारो लोक या मंदिरापासून हाकेच्या अंतरावरून जातात. लेख आहे हेही त्यांतल्या बहुतेकांना माहीत नसते. म्हणून सिराक्यूजकरांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे आधीच कबूल करून प्रस्तुत विषयाकडे वळतो.

विषय असा : आर्किमिडीज आणि भास्कराचार्य या दोन गणितज्ञांचे आपल्याजवळ नेमके काय उरले आहे, आणि आपण त्यातले काय वाचतो?

२

दोघांविषयी जे सर्वांना ठाऊक असते त्यापासून सुरुवात करू. आर्किमिडीज म्हटले की नहाणीघरातून ‘युरेका’ ओरडत नागडा धावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. भास्कराचार्य म्हटले की लीलावती येते : मुलीच्या लग्नाची घटिका साधण्यासाठी पाण्यात सोडलेले घटिकापात्र, त्यात तिच्या अलंकारातला एक मोती पडून बुजलेले छिद्र, टळलेला मुहूर्त, आणि दुःखी पित्याने मुलीच्या नावाने लिहिलेला ग्रंथ.

दोन्ही कथा सुंदर आहेत. दोन्ही त्या त्या माणसाच्या नंतर शतकांनी लिहिलेल्या आढळतात. युरेकाची कथा व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस सांगितली. म्हणजे आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. आर्किमिडीजचा ‘तरंगत्या वस्तूंविषयी’ हा ग्रंथ आज उपलब्ध आहे. द्रवात बुडालेल्या वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके कमी होते, हे त्यात पायरीपायरीने सिद्ध केलेले आहे. त्या ग्रंथात मुकुट नाही, नहाणीघर नाही, राजाही नाही. काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडणारे पाणी मोजून सोन्यातली भेसळ पकडणे हा उपाय फार ढोबळ आहे, असे तरुण गॅलिलिओला १५८६ मध्ये वाटले. आर्किमिडीजसारख्या माणसाने पाण्यात बुडवलेल्या तराजूचाच उपयोग केला असला पाहिजे, असे म्हणून त्याने तसा तराजू कसा करावा हेही लिहून ठेवले.

लीलावतीची कथा मिळते ती फारसीत. अकबराच्या आज्ञेने कवी फैझीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती आहे. मूळ संस्कृत ग्रंथात ती नाही आणि पाटणच्या शिलालेखातल्या कुलवृत्तान्तातही लीलावती नावाच्या मुलीचा उल्लेख नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने तर हा प्रश्न ग्रंथातल्या संबोधनांवरूनच तपासून पाहावा. ‘लीलावती’तली उदाहरणे कधी ‘बाले’ म्हणून कोणाला उद्देशून येतात, कधी ‘सखे’ म्हणून, तर कधी ‘कान्ते’ म्हणून. पिता मुलीला ‘कान्ते’ म्हणणार नाही. काव्यात जशी श्रोत्याला उद्देशून बोलण्याची प्रथा असते, तशीच ही शास्त्रग्रंथात आलेली प्रथा आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ग्रंथाच्या शेवटच्या श्लोकात भास्कराचार्यांनी लीलावती या नावावर श्लेष साधला आहे आणि ग्रंथ व सुंदर स्त्री यांना एकाच शब्दांत गुंफले आहे. तो श्लेष पाहिल्यावर या नावामागे कवीची हौस आहे, हे पटू लागते.

मग या दंतकथा टाकून द्याव्यात काय? तसे मला वाटत नाही. त्या काय सांगतात ते नीट ऐकावे. दोन्ही कथांत पाणी आहे, भांडे आहे, आणि एक क्षण आहे. एकीत क्षण सापडतो, दुसरीत हुकतो. ज्ञान एका क्षणी सापडते अशी ग्रीक-रोमन लोककल्पना एका बाजूला, आणि मुहूर्त टळला तरी विद्या उरते अशी आपल्याकडची कल्पना दुसऱ्या बाजूला. कथा म्हणून त्यांचे मोल आहेच. तथापि चरित्राच्या जागी त्या बसल्या की माणूस दिसेनासा होतो आणि त्याचा ग्रंथ न उघडताच तो आपल्याला कळला, असे समाधान मिळते. खरा धोका या समाधानात आहे.

३

माणूस जेवढा दिसतो तेवढा पाहू. आर्किमिडीजचा जन्म इ.स.पू. २८७ च्या सुमारास सिराक्यूज येथे झाला. त्याचा पिता फीडियस हा खगोलवेत्ता होता, हे त्याने स्वतःच एका ग्रंथात ओघाने सांगितले आहे. भास्कराचार्यांनीही आपला जन्मशक स्वतःच सांगितला : शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग मानले जातात. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांचा ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ झाला. त्यांचा पिता महेश्वर हाच त्यांचा गुरू, आणि तोही ज्योतिषीच. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड, असे भास्कराचार्य सांगतात. ते कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि नातवाने पाटणला केलेली व्यवस्था पाहता खानदेशाशी या घराण्याचा संबंध किती दृढ होता हे ध्यानात येते. बहाळ येथे शके ११४४ चा याच कुळातल्या अनंतदेवाचा लेख आहे, त्यानेही या गोष्टीला बळकटी येते.

दोघेही ज्योतिषी पित्यांचे पुत्र, आणि दोघांच्याही गणितात पद्य आहे. ही दुसरी गोष्ट या पानांच्या वाचकांना विशेष महत्त्वाची वाटावी.

१७७३ मध्ये जर्मनीत वुल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात एका ग्रंथपालाने ग्रीक हस्तलिखितातले एक पद्य छापून प्रसिद्ध केले. तो ग्रंथपाल म्हणजे नाटककार आणि समीक्षक लेसिंग. चव्वेचाळीस ओळींच्या या पद्यात आर्किमिडीजच्या नावाने इरॅटोस्थेनिस या मित्राला एक कूट घातलेले आहे. सिसिलीच्या कुरणात सूर्यदेवाची गुरे चरतात (होमरच्या महाकाव्यातलीच ही गुरे), पांढरी, काळी, पिवळी आणि ठिपकेदार. त्यांच्या संख्यांची परस्पर प्रमाणे दिली आहेत, तर एकूण गुरे किती? शेवटी आणखी दोन अटी येतात आणि तिथे कूट अतिशय कठीण होते. १८८० मध्ये असे आढळले की या प्रश्नाच्या सर्वांत लहान उत्तरात २,०६,५४५ अंक आहेत. ते उत्तर पूर्णपणे लिहून काढणे संगणक आल्यावर, १९६५ मध्येच, शक्य झाले.

कूट सोडवताना जे समीकरण समोर येते, त्याला आपल्याकडे ‘वर्गप्रकृती’ म्हणत. एखाद्या वर्गसंख्येला दिलेल्या संख्येने गुणावे, त्यात एक मिळवावा, आणि पुन्हा पूर्ण वर्ग यावा : अशी संख्या कोणती? ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात या प्रश्नात मोठी मजल मारली होती. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त ‘चक्रवाल’ रीत मांडली आणि गुणक ६१ घेऊन उदाहरण सोडवून दाखवले. उत्तर येते २२,६१,५३,९८०. या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळवला की १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा वर्ग मिळतो. पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समधल्या फर्माने युरोपच्या गणितज्ञांना जे आव्हान दिले त्यात हाच ६१ होता. भास्कराचार्यांचे नाव त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गणितात काही दारे अशी असतात की ज्यांच्यापाशी निरनिराळ्या वाटांनी येणारे सारेच येऊन थांबतात.

पद्याचे प्रयोजन मात्र दोघांकडे वेगळे आहे. आर्किमिडीजने आपले सिद्धांत गद्यात, मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने पाठवले. पद्य आले ते आव्हानापुरते, जवळजवळ थट्टेसारखे. भास्कराचार्यांकडे नियमही पद्यात आणि उदाहरणही पद्यात, कारण ते पाठ व्हायचे होते. भुंग्यांचा थवा फुलांवर विखुरतो, वाऱ्याने वाकलेले कमळ तळ्यात बुडते, मोडलेल्या बांबूचे टोक जमिनीला टेकते, बिळाकडे जाणाऱ्या सापावर खांबावरचा मोर झेप घेतो : संस्कृत काव्याची ही नेहमीची सामग्री इथे वर्गमूळ आणि काटकोन त्रिकोण शिकवण्यासाठी येते. पद्यात न मावणारी उपपत्ती त्यांनी स्वतःच्या ‘वासनाभाष्या’त गद्यात दिली. त्यामुळे ‘भारतीयांनी नियम दिले, सिद्धता दिली नाही’ हे सरसकट विधान करणाऱ्याने श्लोकांखालचे हे भाष्य वाचलेले नसते, असेच म्हणावे लागते.

मोठ्या संख्यांविषयीचा फरकही बोलका आहे. विश्व वाळूने भरले तर किती कण लागतील, हे ‘वाळूमोजणी’ या निबंधात आर्किमिडीजने गेलॉन राजाला सांगितले. एकावर त्रेसष्ट शून्ये देऊन होणाऱ्या संख्येपर्यंत तो पोहोचला. पण ग्रीकांकडे दहा हजारांपलीकडे संख्येला स्वतंत्र नाव नव्हते. म्हणून त्याला आधी संख्यांची भाषा निर्माण करावी लागली. ‘लीलावती’त मात्र प्रारंभीच एक, दश, शत असे करत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे येतात, आणि विद्यार्थी ती पाठ करून पुढे जातो. एकाला जे अभियान होते, ते दुसऱ्याला वारशाने मिळालेले होते. कोणाची बुद्धी मोठी, हे यावरून ठरत नाही. भाषा माणसासाठी किती काम आधीच करून ठेवते, एवढे मात्र यावरून दिसते.

४

थडग्यावरच्या गोलाकडे आता येऊ. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या चौपट असते, आणि गोलाचे घनफळ त्याला नेमके वेढणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश असते, हा शोध आर्किमिडीजला आपल्या साऱ्या कामात श्रेष्ठ वाटत असे. युद्धयंत्रांनी रोमन आरमाराला जेरीस आणणारा हा माणूस, पण थडग्यावर यंत्र नको, गोल आणि वृत्तचिती हवी, अशी त्याने आपल्या आप्तांना विनंती केल्याचे प्लुटार्क सांगतो.

‘लीलावती’त तोच नियम आहे : वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे चेंडूभोवतीच्या जाळ्यासारखे गोलाचे पृष्ठफळ, आणि त्याला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ. आपल्याकडे हा नियम सहज आलेला नव्हता. आर्यभटाचे गोलाच्या घनफळाचे सूत्र चुकले होते. लल्लाने दिलेले पृष्ठफळ चुकीचे आहे, असे भास्कराचार्यांनी गोलाध्यायात स्पष्ट म्हटले आणि आपली उपपत्ती दिली. आवळ्याच्या अंगावर जशा नैसर्गिक रेषा असतात, तशा गोलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेषा कल्पून त्याच्या ९६ फाका कराव्यात. ज्यासारणीच्या साहाय्याने एका फाकेचे क्षेत्रफळ काढले की ते व्यासाइतके भरते. फाकांची संख्या परिघाइतकी. म्हणून पृष्ठफळ म्हणजे व्यास गुणिले परिघ. घरातले फळ हातात घेऊन केलेली ही सिद्धता आहे.

९६ हा आकडा आर्किमिडीजच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. वर्तुळात आणि वर्तुळाबाहेर षट्कोन काढून त्याच्या बाजू दुप्पट करत तो ९६ पर्यंत गेला, आणि परिघ व व्यास यांचे गुणोत्तर ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठे व ३ पूर्णांक १/७ पेक्षा लहान असल्याचे त्याने सिद्ध केले. भास्कराचार्यांनी व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म म्हणून ३९२७/१२५० अशी दोन गुणोत्तरे दिली. हे सूक्ष्म गुणोत्तर कोठून आले ते कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘बुद्धिविलासिनी’ या १५४५ मधल्या टीकेत समजावून सांगितले : बाजू दुप्पट करत ३८४ पर्यंत जावे. म्हणजे आर्किमिडीज जिथे थांबला त्याच्या दोन पायऱ्या पुढे. जंजिऱ्याजवळच्या या समुद्रकाठच्या गावी बसलेल्या माणसाने चारशे वर्षांपूर्वीच्या एका श्लोकामागचे कारण शोधावे, आणि ते विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवावे, ही परंपरा जिवंत असल्याची खूण होय.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, असे आपल्याकडे सभांमधून आणि पाठ्येतर पुस्तकांतून सांगितले जाते. गोलाध्यायात पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे आणि ती आकाशातल्या जड वस्तूला आपल्याकडे ओढते, असे खरोखरच म्हटले आहे. पृथ्वी कशावर टेकली आहे या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे आणि उत्तर म्हणून ते चोख आहे. पण अंतरानुसार ती शक्ती कशी बदलते, चंद्र आणि फळ यांना एकच नियम कसा लागू पडतो, हे त्यात नाही. आणि न्यूटनचा शोध तोच आहे. ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा त्यांनी केलेला विचार मात्र खरोखर खोल आहे. पुण्यात जन्मलेल्या बापूदेवशास्त्र्यांनी काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापन करताना, १८५८ मध्ये, त्याकडे युरोपीय विद्वानांचे लक्ष वेधले. जे आहे ते पुरेसे मोठे आहे. त्याला नसलेले जोडले की असलेल्यावरचाही विश्वास उडतो. लल्लाची चूक दाखवणाऱ्या माणसाचा गौरव चुकीच्या विधानाने करणे, ही त्याची सर्वांत मोठी अवहेलना आहे.

५

यंत्रांविषयी दोघांची वृत्ती विलक्षण जुळते. इ.स.पू. २१४ ते २१२ या काळात मार्सेलसच्या रोमन सैन्याने सिराक्यूजला वेढा घातला तेव्हा आर्किमिडीजच्या यंत्रांनी जहाजांवर दगड फेकले, लोखंडी आकड्यांनी जहाजे उचलून आपटली. शेवटी नगर पडले आणि एका सैनिकाने त्याला ठार केले. हा मृत्यू कसा झाला याच्या प्लुटार्क तीन निरनिराळ्या हकीकती देतो. रसिकांनी त्यांतली सर्वांत नाट्यमय तेवढी लक्षात ठेवली. मात्र अशा यंत्रांविषयी ग्रंथ लिहिणे त्याला कमीपणाचे वाटे, असेही प्लुटार्क नोंदवतो.

भास्कराचार्यांनी यंत्राध्यायात सूर्याची उंची मोजून वेळ काढण्याचे ‘फलकयंत्र’ दिले. वाकवलेल्या तांब्याच्या नळीतून पाणी आपोआप वाहू लागते, तिला कारागीर ‘कुक्कुटनाडी’ म्हणतात, अशीही माहिती दिली. पोकळ आऱ्यांमध्ये पारा भरून आपोआप फिरत राहणाऱ्या ‘स्वयंवह’ चक्राचेही वर्णन त्यांनी केले. असे चक्र फिरत राहू शकत नाही, हे आज शाळेतल्या मुलालाही सांगता येते. पण ग्रंथकाराचा स्वर पाहावा. असली यंत्रे ही गारुडविद्या आहे, गोलाच्या शास्त्राशी तिचा संबंध नाही, पूर्वसूरींनी सांगितली म्हणून मीही सांगितली, अशा आशयाने ते तो भाग संपवतात. सर्व यंत्रांत श्रेष्ठ यंत्र कोणते याचेही उत्तर त्यांच्यापाशी तयार आहे : धीयंत्र, म्हणजे बुद्धी. हातात एक काठी असलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे?

६

आता उरलेल्याचा हिशेब करू.

१२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडच्या सैन्याने कॉन्स्टॅन्टिनोपल लुटले. आर्किमिडीजचे ग्रंथ ज्या नगरात शतकानुशतके नकलून जपले गेले, ते हेच. दहाव्या शतकात तिथे तयार झालेली त्याच्या ग्रंथांची एक चामडी पोथी १२२९ मध्ये कोणी धर्मसेवकाने खरवडली, पाने आडवी दुमडली आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या. १९०६ मध्ये डॅनिश विद्वान हायबर्गने त्या प्रार्थनांखालची पुसट अक्षरे वाचली. ‘पद्धती’ नावाचा हरवलेला ग्रंथ त्यात होता. आपल्याला शोध कसे सुचतात, आकृतींना तराजूत घालून आपण मनाशी कसे तोलतो, हे त्यात आर्किमिडीजने इरॅटोस्थेनिसला मोकळेपणाने सांगितले होते. नहाणीघराच्या कथेहून हा कबुलीजबाब कितीतरी रोचक आहे. पोथी पुन्हा दिसेनाशी झाली, १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात वीस लाख डॉलरला विकली गेली, आणि नंतर बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात निरनिराळ्या प्रकाशकिरणांखाली तिची उरलीसुरली अक्षरे वाचली गेली.

याच दशकांत इकडे पाटणला काय चालले होते? कॉन्स्टॅन्टिनोपलच्या लुटीनंतर तीन वर्षांनी, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, भास्कराचार्यांच्या नातवाने, यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने, स्थापलेल्या मठाला तिथल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दान दिले. आजोबांसाठी चांगदेवाने ना छत्री उभारली ना मूर्ती. त्याने मठ काढला, आणि त्यात ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथ व कुळातल्या इतरांचे ग्रंथ नेमाने शिकवले जावेत, अशी तरतूद केली. स्मारक म्हणून अभ्यासक्रम : यापेक्षा योग्य कल्पना मला सुचत नाही.

शिलालेखाचा शेवट वाचताना मराठीच्या अभ्यासकाने तर थांबलेच पाहिजे. राजकुलांची स्तुती, कवी त्रिविक्रमापासूनची वंशावळ (‘नलचंपू’चा कर्ता तो हाच, असे काही अभ्यासक मानतात), सारे संस्कृत पद्यात येते. पण मठाचा खर्च कसा चालणार, हे सांगताना लेख एकदम मराठी गद्यावर उतरतो. ‘ज्ञानेश्वरी’च्या आधीची सुमारे ऐंशी वर्षांची ती मराठी आहे, शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या संग्रहात तिचा समावेश आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कोणता कर मठाला, गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. आणि जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापावे. मापणावळीचा अर्धा भाग मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.

पृथ्वी, ग्रह आणि काळ मापणाऱ्या माणसाच्या विद्येचा मठ. आणि गावातला तेली, वाणी, शेतकरी आपले धान्य मापतो तेही त्या मठाच्याच मापाने. संस्कृतात स्तुती, मराठीत हिशेब, अशी वाटणी पाहून कोणी खंतावेल. मला उलट वाटते. ज्या भाषेत तेलाची पळी मोजली गेली, तिने त्या विद्येचा दिवा तेवत ठेवला. विद्वानाला राजा मान देतो. त्याच्या विद्यार्थ्याला जेवू घालतो तो घाणेवाला.

७

तो मठ आज नाही. सिसेरोने शोधलेले थडगेही पुन्हा हरवले. सिराक्यूजमध्ये ‘आर्किमिडीजचे थडगे’ म्हणून प्रवाशांना दाखवतात ते वास्तविक रोमन काळातले आहे. दगडावर भरवसा ठेवणारे दोघेही, नगर आणि नातू, शेवटी हरले. दगडाने दिले ते एवढेच की, पुढे कोणी शोधत आला तर त्याला एक धागा सापडावा.

ग्रंथ मात्र उरले, आणि ते उरले ते वाचणाऱ्यांमुळे : नांदगावचा गणेश दैवज्ञ, फारसीत नेणारा फैझी, इंग्रजीत नेणारे टेलर (मुंबई, १८१६) आणि कोलब्रुक (१८१७), १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मराठीतला थोर ग्रंथ सिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित, ‘लीलावती पुनर्दर्शन’ लिहिणारे ना. ह. फडके. यांपैकी प्रत्येकाने जुन्या पानावर नवे पान ठेवले. प्रार्थना लिहिणाऱ्या त्या लेखकूसारखे खालचे खरवडले मात्र नाही.

या लेखाची सुरुवात झाली ती मांजर्लीतल्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नातून. साहित्य शिकणाऱ्यांनी ‘लीलावती’ कशासाठी वाचावी, असे तिने विचारले होते. त्या वेळी मी काही तरी मोघम उत्तर दिले. आज देईन ते असे : त्यातले छंद, संबोधने, श्लेष, भुंगे आणि मोर आपल्याच प्रांतातले आहेत, आणि ते गणितवाल्यांवर सोपवून आपण मोकळे झालो म्हणूनच त्यांच्या जागी दंतकथा आणि घोषणा येऊन बसल्या. कोयता घेऊन झुडपे तोडण्याचे काम सिसेरोच्या, भाषेच्या माणसाच्या, वाट्याला आले होते. कल्याणहून गाडी धरली तर चाळीसगाव काही तासांवर आहे. पण त्याआधी शेल्फावरची ‘लीलावती’ उघडावी. चांगदेवाचा मठ उघडायला तेवढे पुरे आहे.